रिकाम्या वेळेत मुलीजवळ कोण?

उन्हाळी शिबिर निवडताना मी प्रत्येक आयोजकाकडे आधी एकच गोष्ट मागितली. दिवसाचं वेळापत्रक, सकाळी उठल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळी उठेपर्यंतचं. पूर्ण चोवीस तासांचं.

बहुतेकांकडून आलं ते सकाळी सहा ते रात्री नऊचं. पोहणं, किल्ला, मातीकाम, गाणी, सगळं व्यवस्थित मांडलेलं. दुपारी एक ते चार ‘विश्रांती’ एवढाच शब्द, आणि रात्री नऊच्या पुढे कागद कोरा. पोहायच्या वेळी चार मोठी माणसं पाण्याकडे डोळे लावून उभी असतात, तेव्हाची काळजी मला कमी होती. दुपारी मोठी माणसं पंख्याखाली पडलेली असतात, मुलं न झोपता अंगणात फिरत असतात आणि विहीर पंधरा पावलांवर असते. मला त्या वेळेबद्दल ऐकायचं होतं. रात्री दोन वाजता मुलीला संडासला जायचंय, तर ती कुणाला उठवणार, हे ऐकायचं होतं.

आम्ही रत्नागिरीत राहतो. लेक यंदा दहा वर्षांची झाली आणि पुण्याची मावसबहीण सुट्टीत येणार म्हणून दोघींनी मिळून निवासी शिबिराचा हट्ट धरला. शहरात दिवसभराची शिबिरं होतीच, पण एकत्र रात्री राहायचं हीच दोघींची खरी हौस. माझ्या बहिणीने सगळं माझ्यावर सोपवलं. “तू तिथली आहेस, तुला समुद्र कळतो, तू बघ.” दुसऱ्याचं मूल आपल्या शब्दावर पाठवायचं म्हटल्यावर जबाबदारी दुप्पट झाली. मी ती दुप्पट गांभीर्यानेच घेतली.

चौकशी करता करता तीन शिबिरं उरली. एक दापोलीच्या बाजूला अगदी किनाऱ्याला लागून. दुसरं मालवणकडे, वॉटर स्पोर्ट्सवर भर असलेलं. तिसरं आमच्याच जिल्ह्यातलं, एका आमराईत, किनारा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर.

पहिल्याच्या पत्रकात पाचही दिवस सकाळी सात ते नऊ ‘समुद्रस्नान’ होतं. ते वाचून मी कालनिर्णय काढलं. किनाऱ्यावरच्या घरांत एक जुना हिशेब चालत आलाय: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या अलीकडे-पलीकडे. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यावरून हा हिशेब बसलाय. ते शिबिर नवमीला सुरू होत होतं. नवमीची पाऊणपट पावणेसात. म्हणजे पहिल्या दिवशी सात ते नऊ हा सगळा वेळ पाणी बाहेर जाण्याचा. त्रयोदशीला, शेवटच्या दिवशी, भरती पावणेदहाच्या सुमाराला, म्हणजे त्याच सात ते नऊमध्ये पाणी चढतं, आणि पौर्णिमा जवळ आल्यामुळे उधाणाकडे झुकलेलं. एकाच घड्याळाच्या वेळेत पाच दिवस पाच वेगवेगळे समुद्र. वेळ रोज तीच ठेवलीय म्हणजे कार्यक्रम ठरवताना भरतीच्या तक्त्याकडे कुणी पाहिलेलंच नाही, एवढं मला कळलं. मी फोन करून विचारलं. पलीकडून उत्तर आलं, “मॅडम, मुलं गुडघाभर पाण्यातच असतात.”

गुडघाभर पाण्याबद्दल मला मिरकरवाड्यातल्या, म्हणजे रत्नागिरीच्या मासेमारी बंदरावरच्या, एका काकांशी बोलायचं होतं. ते आयुष्यभर बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, होते, आता घरी जाळी विणत असतात. त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हापासून भेटेल त्या प्रत्येक आईबापाला सांगते. “वहिनी, लाट फुटते तिथे पोर घाबरतं, म्हणून लाट फुटत नाही तिथे जातं. आणि ओढ तिथेच असते.” लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत जायला एखादी अरुंद वाट धरतं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी वरून शांत दिसतं आणि खालून वेगाने आत नेतं. मुलाची उंची बघता गुडघ्यावरून कमरेपर्यंत यायला एक पाऊल पुरतं. अशा ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे जोर लावून दमायचं नाही. किनाऱ्याला समांतर, आडवं सरकायचं आणि हात वर करायचा. काका पुढे म्हणाले, “पोरांना पाण्यात सोडायच्या आधी त्या गावचा खारवी किनाऱ्यावर उभा पाहिजे. पुण्या-मुंबईचा कितीही पट्टीचा पोहणारा असू दे, त्याला ह्या वर्षी वाळू कुठे सरकलीय ते माहीत नसतं.” खारवी म्हणजे आमच्याकडचे मासेमारी करणारे लोक. दर पावसाळ्यानंतर किनाऱ्याचा तळ बदलतो, हे आम्ही सगळेच बघतो.

२०१६ च्या फेब्रुवारीत रायगडच्या मुरुडला पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. ती तर मोठी, जाणती मुलं होती. त्या दिवसानंतर कोकणातल्या कुठल्याही घरात ‘सोबत शिक्षक आहेत’ हे वाक्य पुरेसं वाटत नाही.

मालवणच्या शिबिराशी माझं बोलणं सर्वांत छान झालं, हे आवर्जून सांगायला हवं. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानुसार जमिनीवरच्या, पाण्यातल्या आणि हवेतल्या साहसी उपक्रमांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. मी विचारताच त्यांनी नोंदणीचा कागद पाठवला. लाइफ जॅकेट लहान मुलांच्या मापाची वेगळी आहेत का, हा माझा प्रश्न त्यांना विचित्र वाटला नाही. मोठ्याचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकून तोंडावर येतं आणि मूल खालून निसटतं, म्हणून दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं जॅकेट लागतं. त्यांच्याकडे ते होतं. अडलं ते तारखांवर. आमच्या सोयीची तुकडी मेच्या शेवटच्या आठवड्यात होती. त्या दिवसांत वारा फिरतो, समुद्र फुगायला लागतो, आणि मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंद ठेवल्या जातात. “हवा बघून ठरवू,” असं ते म्हणाले. प्रामाणिक उत्तर होतं. पण हवा बिघडली तर पाच दिवस मुलं काय करणार, याची दुसरी योजना त्यांच्याकडे तयार नव्हती. घरात अडकून पडलेल्या मुलांचं मन राखायला मग कुणीतरी ‘थोडंसं पाण्यात’ नेतंच. मी ते नाव खोडलं.

राहिलं आमराईतलं शिबिर. त्यांच्या वेळापत्रकात समुद्राची वेळच लिहिलेली नव्हती. फक्त ‘भरती-ओहोटी पाहून, आदल्या संध्याकाळी सांगू’ एवढी ओळ. त्या एका ओळीने मला तिथे जाऊन बघावंसं वाटलं.

आम्ही न सांगता गेलो नाही. फोन करून गेलो, पण दुपारी दोनची वेळ मागून घेतली. सगळं झोपलेलं असतं तेव्हा जागा जशी असते तशी दिसते. विहिरीला जांभ्याचा कठडा होता, माझ्या कमरेच्या वरपर्यंत, आणि वर लोखंडी जाळी, कुलूप लावलेली. पाणी पंपाने वर चढत होतं, म्हणून जाळी उघडायचं कारणच नव्हतं. कोकणातल्या प्रत्येक वाडीत विहीर असते आणि कुठल्याच माहितीपत्रकात ती नसते, म्हणून विहिरीबद्दल मी इतकं लिहितेय. न्हाणीघरांना आतून कड्या होत्या. एकाची कडी ढिली होती, ते मी दाखवलं आणि त्यांनी लगेच वहीत लिहून घेतलं. मे महिना म्हणजे आंब्याचा हंगाम. पेट्या न्यायला पिकअप गाड्या आमराईत मागे-पुढे होत असतात, आणि मुलं झाडांमधून धावत असतात. गाड्यांसाठी वेगळी वाट आहे का, हे नवऱ्याने विचारलं. मला ते सुचलं नसतं. वाट वेगळी होती, मध्ये गडगा, म्हणजे दगड रचून केलेली बुटकी भिंत, होता, आणि शिबिराच्या दिवसांत गाडी सकाळी आठच्या आत येऊन जाईल असं मालकांनी कबूल केलं.

मग कातळाकडे बघत मी सापांचा विषय काढला. आमच्या भागात फुरसं आहे, विशेषतः कातळसड्यावर आणि दगडांच्या फटींत. घोणस, मण्यार, नागही आहेत. या चारही सापांवर चालणारं एकच प्रतिविष इंजेक्शन असतं, तेव्हा साप कोणता होता हे शोधत बसण्यापेक्षा वेळेवर दवाखान्यात पोचणं महत्त्वाचं. ते कुठे उपलब्ध आहे आणि रात्री तिथे डॉक्टर असतात का, हे आयोजकाला माहीत हवं. शिबिर चालवणाऱ्या ताईंनी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं आणि ग्रामीण रुग्णालयाचं अंतर सांगितलं, दोन्हीकडे या हंगामात स्वतः जाऊन साठा विचारून आल्याचं सांगितलं, आणि एक गाडी चालकासह रात्रभर तिथेच मुक्कामी असते हेही. १०८ ला फोन करायचाच, पण आडगावात रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं की अर्ध्या वाटेत गाठायचं, हे आधीच ठरवलेलं असावं लागतं. चावलेला भाग हलवायचा नाही, आवळून दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, हे त्यांच्या स्वयंपाकीणबाईंनाही पाठ होतं.

विंचवाचंही मी विचारलं. महाडला वर्षानुवर्षं काम केलेल्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं आणि कोकणातली कितीतरी मुलं वाचली. वेळेवर उपचार मिळाले तर आज हा दंश जीवघेणा ठरण्याची शक्यता खूपच कमी झालीय, पण त्यासाठी मोठ्या माणसाने लक्षणं ओळखून मुलाला लगेच दवाखान्यात न्यायला हवं: दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं. ‘नुसता विंचू आहे, चुना लावा’ म्हणणारा माणूस मला मुलीजवळ नको होता. झोपायला जमिनीवर गाद्या होत्या. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, म्हणून मी खाटा किंवा गादीखाली नीट खोचलेल्या मच्छरदाण्या मागितल्या. मच्छरदाण्या आल्या.

आता ज्यावर बोलताना आपल्या घरांत आवाज खाली येतो ते. मी तो विषय प्रत्येक ठिकाणी काढला, स्पष्ट शब्दांत. शिबिरात कोण कोण माणसं असतात, त्यांची पोलीस पडताळणी झालीय का? बालकांच्या लैंगिक अत्याचारांपासून संरक्षणाचा कायदा, ज्याला सगळे पॉक्सो म्हणतात, तो २०१२ चा. त्याचे २०२० चे नियम सांगतात की मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या संस्थांनी आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी करून घ्यायची, शिकवणारा असो वा नसो, कायमचा असो वा कंत्राटी. म्हणजे स्वयंपाकी, चालक, झाडलोट करणारा, पाच दिवसांसाठी मदतीला आलेला कॉलेजचा मुलगा, सगळे.

पहिल्या शिबिराच्या सरांना हा प्रश्न लागला. “आमच्यावर विश्वास नाही का तुमचा? सगळी घरचीच माणसं आहेत.” मी म्हटलं, विश्वास ठेवायचा आहे म्हणूनच विचारतेय. मुलांना त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा अनोळखी नसतो, ओळखीचा आणि घरात सहज वावरणारा असतो, हे आज प्रत्येक पालकाने ऐकलेलं आहे. ‘घरचीच माणसं’ हे उत्तर त्यामुळे पुरत नाही. फोन ठेवताना ते रागावलेले होते. एखाद्याला राग आला म्हणून प्रश्न मागे घ्यायचा नाही, हे मी ठरवूनच बसले होते.

आमराईतल्या ताईंनी फाइल काढली. त्यात चारित्र्य पडताळणीचे दाखले होते, मदतनीस मुलांचेही. एक दाखला यायचा बाकी होता. “तो आला नाही तर तो मुलगा शिबिरात येणार नाही,” असं त्या म्हणाल्या, आणि शिबिराच्या आधी मी पुन्हा विचारलं तेव्हा तो आलेला होता. नियम त्यांनी कागदावर लिहिलेले होते. एकटं मूल आणि एकटा मोठा माणूस बंद खोलीत कधीही नाही. मुलींच्या खोलीत रात्री दोन बायका, एक दाराजवळ. आंघोळीला, कपडे बदलायला मोठं माणूस दाराबाहेर. रात्री संडासला जायचं तर बाईंना उठवायचं, आणि उठवल्याबद्दल कुणी ओरडणार नाही, हे पहिल्याच संध्याकाळी सगळ्या मुलींसमोर सांगायचं. मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय कुठेही टाकायचे नाहीत. मी एकच भर घातली. कुणा मुलाने काही सांगितलं तर तुम्ही आधी कुणाला फोन करणार? त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “पालकांना आणि पोलिसांना. आम्ही आतल्या आत चौकशी करत बसणार नाही.” कायदाही तेच सांगतो. माहिती असून पोलिसांना न कळवणं हा स्वतःच गुन्हा आहे.

फोनबंदीचा प्रश्न जरा अवघड गेला. शिबिरात मुलांकडे मोबाइल नको, हे मला पटतं. पण मग लेकीचा आवाज माझ्यापर्यंत पोचणार कसा? ‘रोज संध्याकाळी आम्ही खुशाली कळवू’ यात बोलणार आयोजक. मी मागितलं ते असं की तिला वाटेल तेव्हा, कारण न सांगता, घरी फोन करता आला पाहिजे. पहिल्या रात्री घरची आठवण येऊन मुलं रडतात आणि पालक न्यायला येतात, म्हणून आयोजकांना ते नको असतं. त्यांची अडचण खरी आहे. शेवटी ठरलं ते असं: पडवीत एक साधा फोन, मोठ्या अक्षरांत पालकांच्या नंबरांची यादी, त्याखाली १०९८ आणि तातडीच्या मदतीचा ११२. फोनपाशी जायला कुणाची परवानगी लागणार नाही. १०९८ ही मुलांसाठीची चोवीस तास चालणारी मोफत हेल्पलाइन आहे आणि ती मुलं स्वतः लावू शकतात, हे दोघींना आधी माहीत नव्हतं. मी तो नंबर दोघींकडून पाठ करून घेतला.

घरी दोघींशी बोलायचं काम मी कुणावर सोपवलं नाही. रात्री गच्चीत बसून बोललो. शरीराचे खासगी भाग कोणते, कुणी हात लावायचा नाही, कुणी लावायला सांगायचा नाही, हे लेकीला लहानपणापासून ठाऊक होतं. या वेळी मी त्यात एक गोष्ट जोडली. जो कुणी ‘घरी सांगू नकोस’ म्हणेल, त्याची गोष्ट सगळ्यात आधी घरी सांगायची. मग ती चॉकलेटची असो, खेळाची असो, शिक्षेची असो. भाचीने विचारलं, “मावशी, आणि सर रागावले तर?” मी म्हटलं, रागावू देत, मी येईन. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “रात्री पण?” रात्री पण.

पाण्याबद्दल लेकीशी वेगळं बोलावं लागलं. ती जलतरण तलावात चांगली पोहते, त्यामुळे तिला भीती कमी आहे. तलावाला तळ दिसतो, कडा असते, पाणी आपल्याला कुठे नेत नाही. तिला मी मिरकरवाड्याच्या काकांकडे घेऊन गेले. माझ्याकडून शंभरदा ऐकून जे झालं नसतं ते त्यांच्या एका वाक्यात झालं. “बाय, पन्नास वर्षं समुद्रात काढली, पण त्याला विचारल्याशिवाय पाय नाही घातला.” परतताना तीच मला विचारत होती, शिबिराच्या दिवसांत तिथी कोणती.

शिबिर झालं. एका संध्याकाळी ढग दाटून आले, वळवाची चिन्हं दिसली. आयोजकांच्या फोनवर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप होतं, वीज कुठे पडतेय ते त्यावर दिसतं. त्यांनी झाडांखालचा कार्यक्रम आवरून सगळ्यांना घरात घेतलं आणि पालकांना तसा निरोप दिला. दोन दिवस मुलं पाण्यात गेली, तेही दहा-दहाच्या गटाने, गावातले दोघे खारवी कमरेभर पाण्यात उभे राहून. एका सकाळी वारा बघून त्यांनी नको म्हटलं, तर कुणीही वाद घातला नाही. मुलांना खाडीकाठी कांदळवन बघायला नेलं आणि लेक सांगते, तेच तिला सगळ्यात आवडलं. भाचीने पहिल्या रात्री फोन केला. रडली नाही. फोन खरंच लागतो का ते बघत होती.

आता शेजारची एकजण तिच्या मुलाला पाठवायचं म्हणते. मुलगा दम्याचा आहे. औषधं कुणाच्या ताब्यात राहतील, पंप त्याच्याजवळच ठेवायचा की बाईंकडे, रात्री धाप लागली तर काय, हे मी विचारलेलं नव्हतं, कारण आमच्या दोघींना तशी गरज नव्हती. मी तिला वेळापत्रकाचा माझा कागद दिलाय आणि दुपारी दोनला जाऊन बघ म्हणून सांगितलंय. ती पुढच्या आठवड्यात जाणार आहे, मीही बरोबर जातेय. ती कडी बसवली का तेही बघायचंय.